येते म्हण

बायको पुण्याला गेली त्याला आठ महिने झाले होते, आणि कोणी ‘कसा आहेस’ विचारलं की मी ‘ग्रँड’ म्हणत होतो. हा इथला शब्द. आयर्लंडमध्ये भव्यदिव्य काही नसतानाही माणसं ग्रँड असतात. पाय मोडला तरी ग्रँड, घर पावसाने गळलं तरी ग्रँड. मला तो फार सोयीचा पडला.

ती गेली होती आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी, सहा आठवडे. ऑपरेशन झालं, सासूबाई काठी टाकून पुन्हा पर्वती चढायला लागल्या, तरी हिचं परत येणं पुढे पुढे जात राहिलं. आधी एप्रिल, मग जून, मग गणपती झाल्यावर, मग नुसतंच ‘बघू’. येणार आहेस की नाही, असं सरळ विचारायची माझी हिंमत होत नव्हती. फोनवर आम्ही बॉयलरबद्दल आणि माझ्या जेवणाबद्दल बोलायचो.

तिच्या जाण्याचा मात्र मी एक किस्सा करून ठेवला होता. विमानतळावर सिक्युरिटीच्या रांगेपाशी ती वळली आणि म्हणाली, “जाते मी.” आता मराठी घरात निघताना कोणी ‘जाते’ म्हणत नाही. कोपऱ्यावर दूध आणायला निघालेला माणूससुद्धा ‘येतो’ म्हणतो. मी लहानपणी चुकून ‘जातो’ म्हटलं की आई दारातून परत बोलवायची आणि नीट बोलायला लावायची. त्यात मी व्याकरणाचा फौजदार. ॲडम्सटाउनच्या आमच्या मराठी ग्रुपवर कोणी ‘मी येईल’ लिहिलं, की त्याचं ‘येईन’ करून दिल्याशिवाय मला घास उतरत नाही. मी हसत म्हणालो, “अगं, येते म्हण.” ती माझ्याकडे बघत राहिली. मागच्या माणसाची बॅग टाचेला लागली तेव्हा पुढे सरकली.

हा किस्सा मी ऑफिसात सांगितला, मित्रांना सांगितला, शेजारच्या आयरिश जोडप्याला भाषांतर करून सांगितला. बारा वर्षं इथे राहून हिचं मराठी पार बिघडलं, असा त्याचा शेवट असायचा. सगळे हसायचे.

त्या जोडप्यातले काका निवृत्त बसड्रायव्हर. त्यांना एकच गाणं यायचं, एक जुनं अमेरिकन कंट्री गाणं. या हिरव्या, ओल्या देशातल्या माणसांना अमेरिकेतल्या काउबॉयच्या विरहाचं एवढं काय, हे मला अजून कळलेलं नाही. गाण्यातल्या माणसाला बायको सोडून गेलेली आहे, आणि तो गावभर सांगत सुटतो की माझं उत्तम चाललंय, मी दार रंगवलं, कुत्रा पाळला, झोप छान लागते. घरी मंडळी जमली की काका ते टेबल बडवत म्हणायचे. धृपद आलं की आम्ही सगळे ओरडायचो. मला वाटायचं, विनोदी गाणं आहे.

सप्टेंबरात काका गेले. महिन्यानंतर त्यांच्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना झाली. आपल्याकडे मासिक श्राद्ध असतं तसं हे, ‘मंथ्स माइंड’ म्हणतात. रविवार होता. प्रार्थनेनंतर दुपारी सगळे त्यांच्या घरी चहा-सँडविचला जमले. कोणीतरी म्हणालं, आज त्यांचं गाणं व्हायला हवं. पण ते म्हणायला कोणी पुढे होईना. शेवटी काकू म्हणाल्या, “मी म्हणते.”

काकूंना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. काका गायचे तेव्हा त्या स्वयंपाकघरात असायच्या. त्यांच्या बहिणीने शेजारी बसून त्यांचा हात हातात घेतला. गाणाऱ्याचा हात धरायची इथे जुनी रीत आहे. काकूंनी डोळे मिटले आणि तेच गाणं इतकं हळू म्हटलं, की प्रत्येक शब्द वेगळा ऐकू आला. ताना नाहीत, काही नाही. एखादीने संध्याकाळी दाराशी उभं राहून दिवसभराचं सांगावं, तसं. धृपद आलं, पण कोणी ओरडलं नाही. दार रंगवलं. कुत्रा पाळला. झोप छान लागते. तो माणूस खोटं बोलत होता, ओळीगणिक. इतक्या वेळा ते गाणं मी ओरडून म्हटलं होतं, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग मला बायको आमच्या स्वयंपाकघरात दिसली. पुण्यात शाळेत विज्ञान शिकवायची. इथे पाळणाघरात मदतनीस होती. एका संध्याकाळी कोट न काढता ओट्याला टेकून म्हणाली होती, “मला इथे फार लोनली होतं रे.” आणि मी म्हणालो होतो, “लोनली होतं काय? एकटं वाटतं म्हण.”

इथे एकाचं गाणं संपलं की पुढे कोण, ते त्यानेच ठरवायचं असतं, आणि नाही म्हणता येत नाही. काकूंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मला गाता येत नाही, म्हणालो. “मग काहीतरी सांग.” सवयीने मी विमानतळाचा किस्साच सुरू केला. आपल्याकडे ‘जाते’ म्हणत नाहीत, इथवर आलो. तिने ‘जाते’ म्हटलं, मी ‘येते म्हण’ म्हटलं, इथवर आलो. मराठी बिघडल्याचा शेवट काही तोंडातून निघेना.

कोणी हसलं नाही. काकूंनी विचारलं, “मग म्हणाली का ती?”

“नाही,” मी म्हणालो.

बाहेर येऊन त्यांच्या कुंपणापाशीच मी पुण्याला फोन लावला. तिने नेहमीसारखं विचारलं, “जेवलास का?”

“एअरपोर्टवर तू ‘जाते’ म्हणाली होतीस.”

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

“हो,” ती म्हणाली.

“चुकून नव्हतं ते.”

“चुकून असतं तर तेव्हाच सुधारलं असतं ना? तू सांगितल्यावर. बारा वर्षं तेच करत होते.”

“येणार आहेस का?” आठ महिन्यांत मी पहिल्यांदा विचारलं.

“नाही रे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मग तिने विचारलं, “तू बरा आहेस ना?”

“नाही,” मी म्हणालो. “अजिबात नाही.”

तेव्हा ती रडायला लागली. रडता रडता काहीबाही बोलत होती, अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी, आणि मी मध्ये एक शब्द न बोलता ऐकत राहिलो.