ह्यांनी सांगितलेला शेवट

आमच्या ह्यांना एक वाईट खोड होती. कुठलाही चित्रपट बघायला निघालो की त्याचा शेवट आधीच कुठूनतरी वाचून यायचे आणि ऐन रंगात आल्यावर माझ्या कानाशी लागून सांगून टाकायचे. लंडनमधल्या हाउन्सलोच्या थिएटरमध्ये एका चिनी मारामारीच्या मालिकेचे तीन भाग आम्ही असेच पाहिले. पहिल्यात धाकटा भाऊ फितूर निघणार, दुसऱ्यात मठ जळणार, तिसऱ्यात नायिकेची आई जिवंत सापडणार. तिन्ही वेळा मला अर्ध्यातच कळलं. मी चिडायची, चिमटा काढायची, बसमध्ये घरापर्यंत अबोला धरायची. ह्यांच्यावर ढिम्म परिणाम नाही.

मला मारामारीत काडीचा रस नव्हता. मी जायची ती त्यातल्या म्हाताऱ्या गुरूसाठी. सगळ्यांना लोळवून झालं की तो शांतपणे बसून चहा ओतायचा.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना स्ट्रोक आला. उजवा हातपाय हळूहळू थोडा कामाला लागला, बोलणं मात्र परत आलं नाही. दर आठवड्याला एक तरुण स्पीच थेरपिस्ट घरी यायची आणि किल्ली, कप, कुत्रा अशी चित्रं समोर धरायची. हे मान फिरवून भिंतीकडे बघत बसायचे. ज्या माणसाने एअरपोर्टच्या कार्गो ऑफिसात तीस वर्षं फोनवर हुज्जत घातली, त्याला कुत्र्याचं चित्र दाखवायचं! मला राग यायचा, पण नेमका कोणाचा ते कळायचं नाही. एकदा ती दाराशी हळूच म्हणाली, बोलायची इच्छा त्यांनाच व्हायला हवी. ती मी कुठून आणणार होते? ह्यांना आता जगायचंच नाहीये की काय, अशी भीती माझ्या मनात बसली होती. लेकीलाही मी ती सांगितली नव्हती.

वसंतात मालिकेचा शेवटचा भाग लागला. लेक इल्फर्डहून फोनवर म्हणाली, "आई, तो फिल्म खूप लाऊड असेल. बाबा टायर्ड होईल."

"होऊ देत," मी म्हटलं. "घरी बसून तरी कुठे ताजेतवाने आहेत?"

दुपारचा खेळ, अर्धं थिएटर रिकामं. ह्यांना कडेच्या सीटवर बसवलं, काठी मी मांडीवर घेतली आणि पर्समधून चिवड्याचा डबा काढला. ह्यांच्या डाव्या तळहातावर थोडा थोडा ठेवत होते. चित्रपट चांगला असावा, पण माझं लक्ष पडद्यावर नव्हतंच. कान सवयीने ह्यांच्याकडे लागला होता. इतकी वर्षं जिच्यावरून भांडले, तीच खोड आता मला हवी होती. सांगा हो, कोण मरतो ते सांगा. मी काही म्हणणार नाही.

शेवटच्या लढाईत गुरूला भाला लागला आणि तो बर्फात कोसळला. त्याची शिष्या ओरडत धावली. इतक्यात माझ्या खांद्याला धक्का लागला. ह्यांनी मान माझ्याकडे झुकवली होती. श्वासाला चिवड्यातल्या लसणाचा वास येत होता.

"म्हातारा," हे म्हणाले. मग बराच वेळ नुसतेच ओठ हलत राहिले. "मरतो."

पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून "श्श" केलं. मी त्यांच्याकडे बघून हसले, आणि मग तोंडाला स्कार्फ लावून पोटभर रडून घेतलं.

पण म्हातारा मेलाच नाही. शिष्या त्याला पाठीवर घेऊन डोंगर उतरली. शेवटच्या दृश्यात तो अंगणात बसून चहा ओतत होता. हात थरथरत होता, निम्मा चहा बाहेर सांडत होता. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की या वेळी ह्यांनी आधी काहीच वाचलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदाच हे शेवट माहीत नसताना चित्रपट बघत होते.

दिवे लागले. "अहो, चुकलात," मी म्हटलं. "मेला कुठे? जिवंत आहे की तुमचा म्हातारा."

शब्द शोधायला ह्यांना वेळ लागला. मग डावा हात छातीवर ठेवला.

"मी पण."

"मग उठा, बस चुकेल," मी म्हटलं, आणि त्यांच्या कोटाची बटणं लावायला घेतली. पण एकही बटण मला धड दिसत नव्हतं.