थेंब टाकते हं, गार लागेल

ठमी माझी पाठची बहीण. सख्खी. हे आधीच सांगून टाकतो, कारण हॉस्पिटलात कुणी तिचं कौतुक करायला लागलं की मला मध्येच तोंड घालून सांगावं लागतं, "अहो, ती माझी बहीण," आणि मग समोरचा माणूस माझ्याकडे नव्याने बघतो. मी सातवीपर्यंत शिकलो. लोखंडी गेटं, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे बनवतो. आमच्या भागातली निम्मी गेटं माझ्या हातची आहेत आणि त्यातलं एकही कुरकुरत नाही. पण माझ्या हातून घडलेली सगळ्यात भक्कम वस्तू कुठली, असं विचाराल तर ती ठमी.

तिला नर्सिंगला मीच घातली. वडील कुरकुरत होते. मी म्हटलं, "मी आहे ना?" झालं, विषय संपला.

तिची ती बोलायची सवयसुद्धा माझीच. लहानपणी ती माझ्या कामाच्या शेडमध्ये येऊन बसायची. वेल्डिंग सुरू करायच्या आधी मी मोठ्याने सांगायचो, "ठमे, डोळे मीट, ठिणगी उडेल." सांगितल्याशिवाय मी कधी ठिणगी पाडली नाही. तेच तिने उचललं. आयसीयूमध्ये बेशुद्ध पडलेल्या माणसालाही ती सांगितल्याशिवाय हात लावत नाही. "काका, कूस बदलते हं." "आजी, सुई टोचतेय, मुंगी चावल्यासारखं होईल." बाकीच्या नर्सा हसायच्या. "तुझा पेशंट शुद्धीवर येईल तो तुझ्या बडबडीला कंटाळून!" ती म्हणायची, "येऊ दे की. कंटाळून आला तरी आलाच ना?"

पुढे तिच्याकडे अवयवदानाचं, कोऑर्डिनेटरचं काम आलं. एखाद्याचा मेंदू मेलेला असतो, पण मशीनच्या जोरावर छाती वरखाली होत राहते. डॉक्टर दोनदा, मध्ये वेळ जाऊ देऊन तपासतात आणि माणूस गेला हे घरच्यांना तेच सांगतात. ते सांगून झाल्यावरच ठमी घरच्यांजवळ जाते. त्याआधी एक शब्द नाही. उभ्याने ती कधी विचारत नाही. खुर्ची ओढते, त्यांच्या शेजारी बसते आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात देते. "हो" आलं की मग तिची धावपळ. फोनवर फोन, कुणाचं रक्त कुणाशी जुळतं, कुठली गाडी, कुठले डॉक्टर. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत ती त्या माणसाबरोबर चालते. पण दारापर्यंतच. विचारलं तर म्हणते, "घरचे बाहेर असतात ना दादा, त्यांच्याजवळ कुणी नको?" तेही खरं आहे. पण मला माहीत आहे, आतलं ते तिला बघवत नाही. वाघीण असली तरी तिला एका दाराची भीती आहे.

तर एक रंगारी आला होता. परांचीवरून तोल जाऊन खाली पडलेला, तरणाताठा पोरगा. त्याची आई कपडे इस्त्री करून देणारी. नवरा कधीचाच गेलेला, पोरगा एकुलता एक. तिच्याबरोबर तिचा भाऊ, म्हणजे पोराचा मामा. मामा चांगला उंचापुरा, आवाज असा की कॉरिडॉरमध्ये बोलला तर लिफ्टपर्यंत ऐकू जावं.

दुसरी तपासणी सकाळी झाली. डॉक्टरांनी सांगितलं. मग ठमी जाऊन बसली. आई बराच वेळ हाताच्या तळव्याकडे बघत राहिली, इस्त्रीने जागोजाग भाजून टणक झालेल्या. मग म्हणाली, "कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणता?"

"पडेल, मावशी. कुणाला मूत्रपिंड, कुणाला यकृत. डोळे दोघांना."

"त्याचे डोळे चांगलेच होते," आई म्हणाली. "भिंतीवरचा ठिपका लांबून दिसायचा त्याला. घ्या."

मामाने मान हलवली. सगळं ठरलं. ठमीने फोन सुरू केले. दुसऱ्या हॉस्पिटलात कुणाला तरी उपाशी राहायला सांगितलं, कुणाला घरून निघायला सांगितलं. थिएटर दुपारचं ठरलं.

आणि मग ती आयसीयूत त्याच्याजवळ गेली. डोळे द्यायचे तर ते कोरडे पडू द्यायचे नसतात, अधूनमधून थेंब टाकावे लागतात. पडदा ओढलेला होता. पापणी वर केली आणि नेहमीसारखं तोंडातून निघून गेलं, "राजा, डोळ्यात थेंब टाकते हं, गार लागेल."

पडदा सरकला. आई उभी होती. शेवटचं एकदा बघायला आली होती.

"काय म्हणालीस?"

ठमीच्या हातातली बाटली हातातच राहिली.

"गार लागेल म्हणालीस तू त्याला. मग लागतं का त्याला? ऐकतो का तो?" आईने पोराचे खांदे धरले. "बाबू! अरे, ही बोलतेय तुझ्याशी! उठ रे!"

छाती वरखाली होतच होती. मशीनची. पण आईला कोण सांगणार? मामा धावत आला आणि पुढे जे काही बोलला ते सगळ्या मजल्याने ऐकलं. "जिवंत माणसाला कापायला निघालात? सिस्टर स्वतः त्याच्याशी बोलतेय! आम्हाला अडाणी समजलात काय? काही द्यायचं नाही! काहीही नाही!"

नोकरी जाईल हा विचार ठमीला नंतर आला. पहिला विचार हा, की सकाळी त्या बाईने स्वतःच्या हाताने एक दार बंद केलं होतं, आणि आपण ते पुन्हा किलकिलं करून ठेवलं. आता ते दुसऱ्यांदा बंद करायला लागणार. कुठल्या आईला जमेल ते? तिकडे दुसऱ्या हॉस्पिटलात उपाशी बसलेला माणूस वाट बघतोय. इकडे पोराचं बीपी खाली घसरायला लागलेलं. मशीन किती वेळ साथ देणार? औषधं वाढवून झाली होती. दुपार गेली तर सगळंच जाणार होतं.

आयसीयूचे डॉक्टर तिला बाजूला घेऊन गेले. माणूस चांगला, पण घाईतला. हळूच म्हणाले, "सिस्टर, सोपं आहे. सांगा की तुम्ही फोनवर बोलत होता. घरी मुलाच्या डोळ्यात औषध घालायला सांगत होता. पटेल त्यांना."

पटलंच असतं. ठमीला मुलगा आहे, डोळे येतातही त्याचे. जिभेच्या टोकावर होतं ते वाक्य. बोलली असती तर आई शांत झाली असती, फोन चालू राहिले असते, कुणाला काही कळलं नसतं.

"नाही डॉक्टर," ती म्हणाली. "आता खोटं बोलले तर सकाळचं सगळंच खोटं होईल."

"मग ती बाई नाही म्हणेल."

"म्हणू दे. तिचा पोरगा आहे."

मला नंतर म्हणाली, "दादा, नाही म्हटल्यावर हात जोडून विनवणी करायची नसते, तो आमचा नियम. पण त्या दिवशी मला विनवणीच करावीशी वाटत होती."

आई कॉरिडॉरच्या बाकावर बसली होती. मामा वाटेत आडवा उभा. ठमीला खुर्ची मिळाली नाही, तर ती सरळ जमिनीवर बसली, आईच्या पायाशी.

"पुन्हा काय फसवायला आलात?" मामा म्हणाला.

"मामा, तुम्ही हवं ते म्हणा, मी ऐकून घेईन. मावशी, माझ्याकडून चूक झाली. तुमचा बाबू गेलाय. त्याला ऐकू येत नाही, गार लागत नाही. मी त्याच्याशी बोलले, कारण मी सगळ्यांशी बोलते. जिवंत असताना बोलते आणि गेल्यावरही बोलते. मला न सांगता कुणाला हात लावता येत नाही. माझ्या दादाने लावलेली सवय आहे. ती माझी सवय आहे, त्याचा जीव नाही."

मामाने तोंड उघडलं, तर आईने हात वर केला. एवढा मोठा माणूस, गप्प बसला.

"आणि डॉक्टर? ते पण बोलतात?"

"नाही मावशी. ते कामात असतात."

"म्हणजे आत त्याच्याशी कुणीच बोलणार नाही?"

"नाही."

"तो अंधारात झोपायचा नाही कधी," आई म्हणाली. "मोठा झाला तरी. मी पलीकडून इस्त्री करता करता काहीबाही बडबडायची, तेव्हा त्याला झोप लागायची." मग ती ठमीकडे वाकली. "तू जा आत. तो ऐकत नाही, कळलं मला. दोनदा कळलं. तरी तू जा. हात लावायच्या आधी सांग त्याला. संपेपर्यंत बोलत राहा. मग घ्या काय घ्यायचंय ते."

मामा म्हणाला, "ताई, अगं..."

"तू गप रे. मी हिला सांगतेय."

ठमीने खाली बघितलं. ज्या दाराची भीती, तेच दार आलं समोर. नाही म्हटलं तर? सांगता आलं असतं की कोऑर्डिनेटरला आत थांबता येत नाही, फोन सांभाळायचे असतात. तेही अर्धं खरंच होतं. पण आई तिच्याकडे बघत होती, जसं गिऱ्हाईक बघतं, कपडे वेळेवर मिळतील का, असं.

"जाईन," ठमी म्हणाली. फोन तिने दुसऱ्या सिस्टरच्या हातात दिले आणि कॅप, मास्क घातला.

आत ती आधी भिंतीला लागून उभी राहिली. मग दिवा लागला तेव्हा म्हणाली, "राजा, दिवा लावलाय हं, डोळ्यावर नाही येत." एकदा सुरुवात झाली आणि ती थांबली नाही. आता पुसतायत. आता हात लावतायत. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, रेडिओ कुणी लावला?" कुणीतरी हसलं. मुख्य सर्जन मान वर न करता म्हणाले, "चालू राहू दे."

सांगण्यासारखं काही उरेना, तेव्हा तिने भिंतीकडे बघितलं. "बघ राजा, या कोपऱ्यात पोपडे आलेत. ओलीवरच रंग मारलाय कुणीतरी, घाईघाईत. तुझ्या हातून असं झालं असतं का?" मग तिने त्याला आईचं सांगितलं. मग मामाच्या आवाजाचं. आणि मग माझं. माझी शेड, माझ्या ठिणग्या, माझी न कुरकुरणारी गेटं. हे मला तिने सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "बरं केलंस, त्यालाही कळायला हवं ना." पण नंतर शेडमध्ये जाऊन थोडा वेळ नुसताच बसलो.

बघणं तिने टाळलं नाही. एकदा डोळे मिटले, तर आवाज थरथरला, म्हणून पुन्हा उघडले. मशीन बंद केलं तेव्हाही ती बोलत होती. शिवून झालं, पुसून झालं, चादर वर ओढायची वेळ आली. "राजा, चादर ओढते हं तोंडावर," म्हणाली आणि ओढली.

दाराबाहेर आई उभी होती. ठमीने तिला फक्त हाताला धरून आत नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. चहाचं विचारायला तिने तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. आवाज पार बसलेला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने नंबर बघितला, आणि फोन माझ्या हातात दिला.

"सिस्टर आहेत का?" बाईमाणसाचा आवाज होता. "मी त्या रंगाऱ्याची आई. एवढंच विचारायचं होतं. बोलल्या का हो त्या? शेवटपर्यंत?"

मी तोंडाळ माणूस, गिऱ्हाइकाला शब्दाने गार करणारा. पण तेव्हा जे होतं तेवढंच सांगितलं.

"मावशी, मी तिचा मोठा भाऊ," मी म्हटलं. "तिला फोनवर येता येत नाही. आवाजच बसलाय तिचा. सकाळपासून एक शब्द फुटत नाहीये."

"मीठ घालून गरम पाणी द्या तिला," ती म्हणाली. "गुळण्या करायला. आणि आजचा दिवस बोलू देऊ नका."

मी उठलो आणि पाणी तापत ठेवलं.