खमंग वास येईपर्यंत

टाळेबंदी सैल होऊन दुकानं उघडणार म्हटल्यावर मुलुंड पूर्वेच्या त्या बिल्डिंगमध्ये जो तो आपापल्या अडचणींचं पारायण करायला लागला. खालच्या मजल्यावरच्या नीलमला पार्लर हवं होतं. वरच्या जोश्यांना चपला हव्या होत्या. घराबाहेर न पडता त्या झिजल्या कशा, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. बाकीच्यांना नुसतंच, दुपारी चारपर्यंत का होईना, हातात पिशवी घेऊन हिंडायचं होतं. कुंदाबाई या गप्पांत नव्हत्या. त्यांना एकाच दुकानात जायचं होतं, आणि ते लवकर उघडलं नाही तर आपल्याला वेड लागेल, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

कुंदाबाईंचं नाक म्हणजे त्या बिल्डिंगची सार्वजनिक मालमत्ता. दूध चालेल की नासायला टेकलंय, तूप कढलं की अजून कच्चं आहे, गॅसचा वास नक्की कुणाच्या घरातून येतोय, याचा निवाडा करायला लोक त्यांचं दार वाजवत. एकदा त्यांनी जिन्यातूनच हाक मारून तिसऱ्या मजल्यावरची डाळ करपण्यापासून वाचवली होती. त्यांचे यजमान शरच्चंद्र, म्हणजे सगळ्यांचे शरदराव, विमा कंपनीतून निवृत्त झालेले. ते म्हणत, आमच्या हिला पोलिसांनी न्यावं, कुत्र्यांचा खर्च वाचेल. कुंदाबाई नाक मुरडत, पण मनातून सुखावत. शिक्षण बेताचं, गाता येत नव्हतं, चारचौघांत बोलता येत नव्हतं. एक नाक तेवढं असं होतं की त्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, नवराबायको दोघांनाही आजाराने धरलं. बेताचंच. बंगळूरला असलेला मुलगा केयूर सारखा फोन करून बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा विचारायचा. हॉस्पिटलचं तोंड बघावं लागलं नाही म्हणून कुंदाबाईंनी देवापुढे साखर ठेवली. आणि त्याच आठवड्यात त्यांनी फोडणीसाठी हिंगाची डबी उघडली, तर वास आला नाही. पहिल्यांदा त्यांनी हिंगवाल्याचा उद्धार केला. मग कापूर हुंगला. मग मोरीतलं फिनेल नाकाशी धरलं. मग त्या मोरीतच खाली बसल्या. शरदरावांचंही नाक तेव्हा गेलेलंच होतं. उद्या गॅस चालू राहिला तर या घरात कोणाला कळणार, झोपेतच दोघं आटोपू, असं म्हणून त्या इतक्या रडल्या की शरदरावांना काय करावं ते सुचेना.

दोन दिवसांनी शरदरावांनी चहाचा कप नाकाशी धरला आणि म्हणाले, आज आलं जास्त घातलंस का गं. कुंदाबाईंना केवढा तरी आनंद झाला, आणि त्या आनंदामागोमाग, का खोटं बोला, थोडी जळजळही झाली. देवाने द्यायचं तर या माणसाला दिलं, ज्याला आयुष्यभर आंबा आणि फणस यांच्या वासातला फरक कळला नव्हता. पण निदान घरात एक नाक शाबूत होतं. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघरातून हाक मारत, अहो, बघा हो जरा, लागत नाही ना? आणि शरदराव पेपर टाकून ओट्याशी येऊन उभे राहत.

स्वतःचं नाक मात्र परत येईना. फोनवर डॉक्टर म्हणाले, वास येईल, कुणाला महिन्यात येतो, कुणाला वर्ष लागतं, रोज काहीतरी हुंगत जा. कुंदाबाई रोज लवंग हुंगत, कॉफी हुंगत, शरदरावांचा धुवायला टाकलेला सदरा हुंगत. काही नाही. भात तोंडात घोळायचा आणि गिळला जायचा, इतकंच. पूर्वी वारा फिरला की डम्पिंगवरच्या कचऱ्याचा वास यायचा आणि अख्खी बिल्डिंग शिव्या देत खिडक्या लावायची. आता सगळ्यांच्या खिडक्या लागल्या की कुंदाबाई आपली उघडून उभ्या राहत आणि ती घाण तरी येऊ दे म्हणून देवाला विनवत. बिल्डिंगमध्ये मात्र त्यांनी सांगून टाकलं होतं की वास आला परत. लोकांची कीव नको होती. नीलम दुधाचं पातेलं घेऊन आली की त्या वाकून हुंगल्याचं नाटक करत आणि म्हणत, कशाला विषाची परीक्षा, टाकून दे. त्या उन्हाळ्यात नीलमने किती चांगलं दूध मोरीत ओतलं, ते तिलाही कळलं नाही.

आणि मग मसाल्याचा प्रश्न आला.

दर वर्षी उन्हाळ्यात कुंदाबाई गोडा मसाला करत, तो एका घराचा नसे. बोरिवलीला नणंद नलिनी, घाटकोपरला धाकटी जाऊ, बंगळूरला केयूर, सगळ्यांचे डबे त्यांच्याकडून जात. आदल्या वर्षी टाळेबंदीत मसाला झालाच नव्हता. त्यामुळे नियम सैल झाल्याची बातमी आली तसे फोन सुरू झाले. वहिनी, यंदा तरी कर गं. विकतच्या मसाल्याची आमटी खाऊन कंटाळलो. कुंदाबाई हो हो म्हणत, पण करायचा कसा ते त्यांना कळत नव्हतं.

कारण त्यांना सासूने मसाला शिकवला तो एका शब्दात. धणे किती वेळ भाजायचे? खमंग वास येईपर्यंत. तीळ? खमंग होईपर्यंत. दगडफूल? अगं, खमंग वास सुटला की उतरायचं, त्यात सांगायचं काय? मिनिटं नाहीत, आच नाही. ज्याला नाक नाही त्याने हा मसाला करूच नये, असाच त्या शिकवण्याचा अर्थ होता. पूर्वी कुंदाबाईंना याचा अभिमान वाटायचा. आता तोच शब्द त्यांना कोणी दार लावून घ्यावं तसा वाटायला लागला.

तरीही त्यांच्या मनात एक आशा होती, आणि त्या आशेचा पत्ता मुलुंड पश्चिमेला, पाच रस्त्याच्या पुढे, वेलजीभाईंच्या दुकानात होता. किराण्याची बाकीची दुकानं सकाळची उघडत होती, पण वेलजीभाई पहिल्याच लाटेत कच्छला गावी गेले होते. ते आता परतले. पुढे मसाल्याची पोती, मागे कांडपाचं यंत्र. लग्न होऊन आल्यापासून कुंदाबाई तिथे जात होत्या. गल्लीच्या तोंडाशीच तो वास अंगावर यायचा, घरी आल्यावर पदरातून जायचा नाही. घरातल्या डब्यांच्या वासाला दम नाही, म्हणून नाक जागं होत नाही, तिथे उभी राहिले की होईल. ही गोष्ट त्यांनी स्वतःला इतक्या वेळा सांगितली होती की तिच्यावर त्यांचा डॉक्टरपेक्षा जास्त विश्वास बसला होता. शरदरावांना त्यांनी ती बोलूनही दाखवली. ते म्हणाले, जाऊ या. मी येतो बरोबर.

रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबली. कुंदाबाईंनी मास्क खाली ओढला आणि श्वास घेतला. शरदरावांनी विचारलं, काय? त्यांनी मान हलवली. अजून दुकान लांब होतं.

दुकानापुढे दोरी बांधली होती आणि अंतर राखून रांग उभी होती. वेलजीभाई वाळले होते. भाऊ गेल्याचं त्यांनी बोलता बोलता सांगितलं. जुनं गिऱ्हाईक म्हणून त्यांनी कुंदाबाईंना दोरीच्या आत घेतलं. कुंदाबाई धण्यांच्या पोत्यावर वाकल्या. काही नाही. लवंगांवर, दालचिनीवर, शहाजिऱ्यावर. काही नाही. तेवढ्यात मागचं कांडप सुरू झालं, कुणाच्या तरी मिरच्या पडत होत्या, आणि कुंदाबाईंच्या नाकात काहीतरी झालं. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी शरदरावांचा दंड धरला. आला, आला हो, त्या म्हणाल्या, आणि मिरचीच्या पोत्यावर वाकून त्यांनी छातीभर श्वास ओढला. पुढच्या क्षणी त्या खोकायला लागल्या. खोकला थांबेना. रांगेतली माणसं भराभर मागे सरली, एक बाई पोराला घेऊन निघूनच गेली. मास्क लावा, मास्क लावा, असं कोणीतरी चिडून बोलत होतं. खोकला ओसरल्यावर कुंदाबाईंच्या लक्षात आलं की तो वास नव्हता. नुसती आग होती. नाकात मिरची कुणालाही झोंबते, मेल्या नाकालाही.

त्या तिथल्या स्टुलावर बसल्या. इतके दिवस या दुकानाच्या आशेवर काढले होते. आता पुढे कुठलंच दुकान नव्हतं.

वेलजीभाईंनी पाणी दिलं आणि नेहमीच्या पद्धतीने खोबऱ्याची वाटी फोडून तुकडा त्यांच्यापुढे धरला. "काकी, खोपरा बराबर हुंगून घ्या. थोडा जुना हाय, थोडा नवा. तुम्ही पास केला तर मी बाकीच्यांना देनार."

खोबरं खवट निघालं तर वर्षाचा मसाला वाया जातो. कुंदाबाईंनी तो तुकडा घेतला आणि शरदरावांपुढे केला. नवऱ्याकडे त्यांनी कधी असं बघितलं नसेल. शरदरावांनी मास्क खाली केला, तुकडा नाकाशी धरला, डोळे बारीक केले. "छान आहे," ते म्हणाले. "घेऊन टाक."

वेलजीभाईंनी खोबरं तोलायला घेतलं.

घरी भाजायच्या वेळी कुंदाबाई कढईपुढे आणि शरदराव त्यांच्या खांद्यामागे. आता? थांब. आता? हां, उतर. चाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी भांड्यात चमचा फिरवला नव्हता, आणि आता त्याच्या शब्दावर एकेक जिन्नस खाली उतरत होता. रंगाचा अंदाज कुंदाबाईंना होता, त्यामुळे करपलं काही नाही. मसाला कांडून आला, डबे भरले, नलिनीचा मुलगा सिद्धेश येऊन बोरिवली-घाटकोपरचे डबे घेऊन गेला. रात्री आमटी झाली. शरदरावांनी पहिल्या घासालाच मान डोलावली आणि म्हणाले, वर्षाने आमटी खाल्ल्यासारखं वाटलं. कुंदाबाईंना चव लागलीच नाही, पण त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. आपलं नाक गेलं तर गेलं, ह्यांच्या नाकावर निभावून नेऊ, असं त्यांनी स्वतःची समजूत घालत म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नलिनीचा फोन आला. आधी हवापाण्याचं बोलली. मग घुटमळली. "वहिनी, राग मानू नकोस हं. खोबरं खवट आहे गं. पहिल्या घासालाच कळलं, कोणाला जेवण गेलं नाही. तुमच्याकडे दादा काही बोलला नाही?"

आमटी उतू जातेय, मागाहून करते, असं काहीतरी सांगून कुंदाबाईंनी फोन ठेवला. ओट्यावर कसलीच आमटी नव्हती. बाहेरच्या खोलीत शरदराव पेपर वाचत होते. त्या त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"डोळे मिटा."

"आता हे काय नवीन?"

"मिटा म्हणते ना."

शरदरावांनी डोळे मिटले. कुंदाबाईंनी मूठ त्यांच्या नाकाखाली धरली आणि उघडली. "ओळखा, काय आहे."

शरदरावांनी श्वास ओढला. थोडा विचार केला. पुन्हा ओढला. "हिंग," ते म्हणाले. "चांगला उग्र आहे."

कुंदाबाईंचा हात तसाच राहिला. शरदरावांनी डोळे उघडले. समोर रिकामा तळवा होता.

 मग शरदरावच म्हणाले, "आलाच नाही गं परत. तू त्या दिवशी मोरीत बसून रडत होतीस. मला दुसरं काही सुचलं नाही."

"आणि गॅस?"

"बटणं बघतो. झोपायच्या आधी बघतो, मधे उठूनही बघतो."

"दूध लागतंय सांगता ते?"

"भांड्याकडे डोळे लावून उभा असतो."

"आणि दुकानात? खोबरं?"

शरदरावांनी पेपराची घडी घातली, पुन्हा उलगडली. "तू माझ्याकडे अशी बघत होतीस, कुंदा. त्यावर नाही कसं म्हणू?"

कुंदाबाईंना ओरडायचं होतं. एवढ्या डब्यांची नासाडी केलीत, म्हणायचं होतं. त्याऐवजी त्यांना भयंकर भीती वाटली. एप्रिलपासून आपण या माणसाच्या नाकावर निर्धास्त झोपलो, आणि तो तेव्हा अंधारात उठून बटणं चाचपत होता. घरात नाक नव्हतंच. त्या चहाच्या दिवशीही नव्हतं. त्या आत गेल्या, गॅसची बटणं स्वतः पाहिली, सिलिंडरचा कॉक बंद केला, आणि मग फोन उचलला.

"नलू, तो मसाला फेकून दे. मला वास येत नाही. एप्रिलपासून येत नाही. सगळ्यांना खोटं सांगितलं."

पलीकडे नलिनी गडबडली. "अगं, पण दादाला येतो ना?"

कुंदाबाईंनी दारातून बाहेर पाहिलं. शरदराव अजून त्याच खुर्चीत होते, चष्मा काढून डोळे पुसत होते.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "त्यांना फक्त माझ्यासाठी येत होता."

मग त्यांनी घाटकोपरचा नंबर लावला. तिथेही डबा गेला होता.