कुरखेड्यात हळू पळणारी पुढे असते

जानेवारीत मी पळणं सोडलं आणि त्याच आठवड्यात पळायला कुरखेड्याला गेले. कसं ते सांगते.

मी शमीम, वय एकसष्ट, राहणार राजुरा. नवऱ्याचं टेलरिंगचं दुकान आहे आणि काजं-बटणं करण्यात माझी सगळी उमर बसून गेली. दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली, तेव्हा शेजारची वनिता मला सकाळी पळणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये ओढत घेऊन गेली. आधी चालले, मग ओढणी कमरेला बांधून पळू लागले. पाच किलोमीटर न थांबता झाले, त्या दिवशी नवऱ्याला ते तीनदा ऐकावं लागलं. पण मी कायम शेवटी. एका रविवारी वळणावर पोचले तर पुढचे थांबलेले होते आणि त्यांच्यातला एक जण बोलत होता, "बाईसाठी रोज उभं राहा लागते, अंग थंडं पडून जाते." खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. बूट धुतले, वाळवले आणि पलंगाखाली सारले.

वनितानं चार दिवस वाट पाहिली. मग म्हणाली, "माह्या माहेरी चाल दोन दिवस. बूट घे."

"बूट काऊन?"

"घे म्हटलं ना."

तर मार्ग असा: राजुऱ्याहून सकाळच्या पहिल्या एसटीनं चंद्रपूर, तिथून मूलमार्गे गडचिरोली, मग आरमोरीवरून कुरखेडा. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं काही वाटत नाही. सकाळीच निघा, कारण कुरखेड्याकडे उशिरा गाड्या कमी. मूलला बस थांबली की तर्री पोहे खा, पण तर्री जरा हात राखून घ्या. मी नाही राखला, आणि गडचिरोलीच्या आधी वैनगंगेचा पूल आला तेव्हा सगळी बस नदी बघत होती आणि मी पाण्याची बाटली शोधत होते. पुढे धानाच्या कापलेल्या बांध्या, तणसाचे ढीग, आणि मग दोन्ही बाजूंनी जंगल.

वनिताचं माहेर कुरखेड्यापासून ऑटोनं अर्ध्या तासावर. तिची वहिनी सुमन, वय पासष्ट. भात, वांगं आणि वालाच्या शेंगांची भाजी वाढता वाढता तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं. "सकाळी येतेस ना मंग?"

गावातल्या सात-आठ पोरी पोलीस भरतीची तयारी करतात. रस्ता जंगलातून जातो. वाघ आहे, अलीकडे हत्तींचा कळपही येतो-जातो. पोरींना एकटं कोण सोडणार, म्हणून आया-काकू सोबत जाऊ लागल्या. आधी वाटेतल्या नाल्याच्या पुलावर बसून राहायच्या. थंडीत कुडकुडण्यापेक्षा बरं म्हणून चालू लागल्या, आणि कधी पळू लागल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. सुमनवहिनी लुगड्याचा काष्टा मारून, लेकीचे जुने बूट घालून पळते.

सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर आम्ही पंधरा जणी निघालो. मी सवयीनं मागे जाऊन उभी राहिले. वहिनीनं विचारलं, "तुह्याहून हळू कोणी आहे का इथी?"

"नाई."

"मंग पुढे ये. जंगलात हळू पळणारी पुढे राह्यते. मागं राह्यली तं एकटी पडते."

मी पुढे पळू लागले आणि लाजेनं मेले. मागे चौदा जणी, त्यात भरतीच्या पोरी, सगळ्या माझ्या कासवचालीनं. दीड किलोमीटरवर थांबलेच. "माह्यापायी पोरींची प्रॅक्टिस खराब होऊन राह्यली. तुम्ही जा समोर."

"पोरी शाळेच्या ग्राउंडवर घड्याळ लावून पळतात," वहिनी म्हणाली. "हा रस्ता सगळ्यांचा आहे. चाल."

नाल्याच्या अलीकडे रस्त्यावर हत्तीची लीद दिसली. ताजी, वाफ निघणारी. पलीकडे बांबूत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. सगळ्या जागच्या जागी उलट्या फिरल्या, आणि माझ्या लक्षात आलं की आता मी शेवटी आहे. हत्ती पाठीमागे, चौदा जणी पुढे. त्या पळाल्या असत्या तर मी त्यांना दोष दिला नसता. मी काय पळणार होते त्यांच्याबरोबर?

कोणीच पळालं नाही. रांग मधोमध उघडली आणि वहिनी हळू आवाजात म्हणाली, "शमीम, पुढे जा." मी एकेकीच्या बाजूनं पुढे निघाले. एका पोरीनं जाता जाता माझ्या पाठीवर हात ठेवला. वनिता डोळे मिटून उभी होती. मी सगळ्यांत पुढे पोचले, तेव्हा मागून आवाज आला, "आता चाल. घाई नको करू." मग चौदा जोड्या बूट माझ्या मागे, माझ्याच चालीनं. मी गावापर्यंत रडत पळाले आणि एकदाही थांबले नाही. हत्ती शेवटपर्यंत दिसला नाही, हेही सांगून टाकते.

परत येताना बसमध्ये वनिता झोपली. मी मात्र ग्रुपला काय सांगायचं ते घोकत होते.

रविवारी सांगितलं, सगळ्यांत हळू पळणारा पुढे. दोघांनी हसून आपला वेग धरला. अंग थंड पडतं म्हणणारे ते गृहस्थ मागे येऊन उभे राहिले. आम्ही सात जण उरलो. त्या दिवशी एक नवी बाई आली होती, गुडघ्याला पट्टा बांधलेली, माझ्याहूनही हळू. तिला पुढे केलं, मी दुसरी.

खरं सांगू? माझे पाय वळवळत होते. इतकं हळू कोणी पळतं का, असं मनात चार वेळा आलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणामुळे तरी अडले होते.

तिनं मागे वळून पाहिलं. चेहरा उतरलेला. "माह्यापायी तुम्हाले थांबा लागून राह्यलं ना?"

"थांबून कोण राह्यलं, बाई?" मी म्हणाले. "तू समोर पाहून पळ."