रिकाम्या डब्यातलं भरवसे

म्हैसुरात आमच्या कॉलेजच्या बसथांब्यावर एक मराठी बोलणारे शिंपीकाका शिवणकामासोबत रिकामे डबेही विकतात. झाकणावर छापलेलं असतं, ‘पुढाऱ्यांचं भरवसे’. कन्नडमध्ये भरवसे म्हणजे आश्वासन. ऑनलाइन हे डबे खूप खपायचे. मग ‘डब्यात माल नाही’ म्हणून ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने त्यांचं तिथलं दुकानच बंद केलं.

“आता काय करणार, काका?” मी चाचरत विचारलं.

“सुम्मने, उगाच गप्प बसू काय? डबा रिकामा आहे हे त्यांना कळलं, जोक नाही कळला. इथं लोक हसतात की.”

“पण मराठीत भरवसा म्हणजे विश्वास ना?”

बाहीने डबा पुसत ते म्हणाले, “कन्नडात आशेलापण भरवसेच म्हणतात रे. म्हणून झाकण घट्ट लावतो.”

मी एक डबा घेतला. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच; घरच्यांची सगळी आशा माझ्यावर. तो डबा माझ्या टेबलावर आहे. अजून उघडलेला नाही.