फोनला चिनमेईचंच बोलणं कळे

चिनमेईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण टीव्हीवरच्या मालिका बघून बघून ती शहरी चिनी बोलायला शिकली होती, आणि आन्शीच्या डोंगरातल्या त्या चहाच्या गावात फोनला तिचंच काय ते बोलणं कळे. बाकीच्या म्हाताऱ्यांनी गावबोलीत विचारलं की तो भलतंच काहीतरी सांगे. डुक्कर खाईना, पेन्शन अडली, की माणसं चिनमेईच्या दारात. नवरा थ्येनशुई चेष्टेनं म्हणायचा, "आमच्याकडे मास्तरीणबाई राहतात."

वसंतातली तोडणी चालू असताना एका सकाळी थ्येनशुईच्या हातून पानांची टोपली निसटली. तोंड वाकडं झालं, जीभ अडखळायला लागली. शेजारच्या लिन वहिनींनी लगेच मुलाला तीनचाकी काढायला सांगितली.

"थांबा वहिनी," चिनमेई म्हणाली. "आधी विचारते."

फोनवर पहिलाच व्हिडिओ आला तो एका पांढऱ्या कोटातल्या माणसाचा. आवाज शांत, घरच्यासारखा. रोग्याला हलवू नका, दहाही बोटांच्या टोकांना सुई टोचा, रक्त वाहू द्या, घटकाभरात माणूस उठून बसेल, असं त्यानं सांगितलं. चिनमेईनं शिवणाची सुई चुलीवर तापवली. डाव्या हाताला टोचलं तसा थ्येनशुई कण्हला. उजव्याला टोचलं, तेव्हा हूं की चूं नाही. तरी तोंड जरा सरळ झाल्यासारखं तिला वाटलं. तिनं त्याला निजवलं. लिन वहिनी दोनदा डोकावून गेल्या. झोपलाय, एवढंच तिनं सांगितलं.

दुपार कलली आणि त्याला पाणी गिळवेना. मग धावाधाव करून तालुक्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्याची बोटं उलटसुलट करून पाहिली. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध असतं, त्या म्हणाल्या, पण ते पहिल्या काही तासांतच द्यावं लागतं.

शियामेनहून मुलगी पिंगईंग आली. तिनं तो व्हिडिओ शोधून काढला. तोच माणूस दुसऱ्या व्हिडिओत पाय शेकायची पावडर विकत होता, तिसऱ्यात कढया.

"आई, हा डॉक्टर नाहीये."

"कोट होता ना गं अंगात," चिनमेई म्हणाली.



थ्येनशुई घरी आला तो अर्धाच. वाचा गेली ती गेलीच. चिनमेई त्याला पेज भरवते, अंग पुसते. सगळं तो निमूट करू देतो. फक्त नखं काढायला तिनं डावा हात धरला, की तो पांघरुणात ओढून घेतो. तेवढ्यापुरतं लिन वहिनींना बोलवावं लागतं.