बकुळीखालचा सोनटक्का

बकुळीला ऊन लागतं आणि सोनटक्क्याला सावली, हे मला लग्नानंतर कळलं. त्याआधी पाणी घातलं की झाड वाढतं, एवढंच माझं शास्त्र होतं.

सुकापूरला तळमजल्यावरचं घर घेतलं ते मागच्या दारच्या मातीसाठी. माती म्हणजे काय, दोन खाटा टाकल्या की संपली. नेऱ्याच्या एका रोपवाटिकेतून मी बकुळीचं रोप आणलं. हिचा सोनटक्का तोवर रंगाच्या रिकाम्या डब्यात दिवस काढत होता. बकुळीला जरा अंग धरू दिलं आणि मग हिने तो झाडाच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर लावला.

बकुळीचं तंत्र सोपं. पहिली काही वर्षं पाणी, डोक्यावर ऊन, मुळाशी डबकं होऊ द्यायचं नाही. मग तिला विसरून गेलं तरी चालतं. बारा महिने हिरवी. मी पाहुण्यांना सांगायचो, "आपला स्वभाव बकुळीसारखा. कुणाला ताप नाही."

आतून आवाज यायचा, "बकुळीला दिवसातून चारदा चहा लागत नाही हो!"

सोनटक्क्याचं सगळं उलट. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नाही. माती कायम ओली हवी, शेणखत हवं, गड्ड्यांवर पाचोळ्याचं पांघरूण हवं. गड्डे वरवरच पसरतात, दाटी झाली की सोडवून द्यावे लागतात. आणि थंडी सरली की सगळा डोलारा पिवळा पडून वाळतो. नुसत्या काड्या उरतात. नवख्या माणसाला वाटावं, संपलं. पाऊस सुरू झाला की त्याच गड्ड्यांतून हिरवी टोकं वर येतात आणि गौरी-गणपतीपर्यंत फुलं.

बकूळ सदाहरित म्हणतात, पण पानं वर्षभर गाळत असते, माझ्या ओल्या टॉवेलांसारखी, जिथे तिथे. ती पानं ही गोळा करून सोनटक्क्यावर पसरायची. भांडण फक्त पाण्यावरून.

"तुमचं झाड माझं सगळं पाणी पितं."

"सावलीचं भाडं आहे ते."

"मग तुम्ही मला किती भाडं देता?"

मी वर्तमानपत्र उलटायचो.

तो सोनटक्का तिच्या ओटीतून आला होता. तिचं माहेर उरणच्या बाजूला. मुलगी सासरी निघाली की नारळ-तांदळाबरोबर ओटीत सोनटक्क्याचा एक गड्डा घालायचा, ही त्या घरातल्या बायकांची रीत. सासूबाईंनी गड्डा घालताना माझ्यादेखत सांगितलं होतं, "नवरा कसा निघंल ठाव नाय बाय, पन फूल तरी घरचा आसंल." मी हसलो. नव्या जावयाला दुसरं काय करता येतं! त्यांची वाडी पुढे गेली, तिथे आता कंटेनरची गोदामं आहेत. त्या वाडीतलं जे काही जिवंत उरलं होतं, ते आमच्या बकुळीखाली.

आमच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा हिने गड्डाही ठरवून ठेवला. बोटाने माती उकरून मला दाखवला होता. "हा मधला. भरलेला आहे बघा." मी चष्मा न लावताच "वा" म्हणालो.

माघात ही गेली. आजारपण लहानसंच होतं. सोनटक्का वाळतो तशी वाळली आहे, पावसाच्या आत उठेल, असं मी धरून चाललो होतो.

तेरावं घरीच करायचं ठरलं. आचाऱ्याला शेगड्या मांडायला सपाट जागा हवी होती. धाकटा भाऊ सगळं बघत होता. मी पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून येणाऱ्यांचे नमस्कार घेत होतो. त्याने दोन माणसं लावली, वाळक्या काड्या कापून काढल्या, माती चोपली, बारीक खडी पसरली आणि बकुळीच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. संध्याकाळी मला हात धरून दाखवायला नेलं. "दादा, आता तुला चिखल तुडवायला नको."

"छान झालं," मी म्हणालो. खरंच वाटलं होतं. काय झाकलं गेलंय ते डोक्यात शिरलंच नाही.

घरात कुणी गेलं तर ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, म्हणून तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला. पाऊस सुरू झाला. मी रोज मागचं दार उघडून उभा राहायचो. बकूळ भिजून चकचकीत. खाली लाल-करडे ब्लॉक, तेही चकचकीत. श्रावणात मुलीने फोनवर विचारलं, "बाबा, आईचा गड्डा काढून ठेवाल ना?" तेव्हा कुठे मी भावाला फोन केला.

तो पहार घेऊनच आला. गुडघ्यांवर बसला आणि एकेक ब्लॉक उचकटू लागला. मीही बसलो, कारण उभं राहून बघणं वाईट दिसतं. माझे गुडघे असे वाजले, की एरवी दोघेही हसलो असतो.

मधल्या ब्लॉकखाली ते सापडलं. गड्ड्यातून कोंब फुटले होते. वर वाट नव्हती म्हणून खडीतून आडवे सरकत गेले होते, बोटभर जाड, पांढरे, बकुळीच्या बुंध्याच्या दिशेने. तिथे ब्लॉकला थोडी फट होती. एकही तिथवर पोचला नव्हता. हात लावला तर मऊ लागले. गड्डा उचलला, तर सालीच्या आत नुसतं पाणी. आम्ही सगळे ब्लॉक काढले. सगळीकडे तेच.

"दादा, मला वाटलं, वाळलेलं आहे."

"वाळलेलंच होतं रे. ते तसंच दिसतं."

तो ब्लॉक रचत राहिला, उगाच, अगदी कडेला कडा जुळवून. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या बाजारातून सोनटक्क्याची कुंडी घेऊन आला. कळ्या होत्या तिला. मुलीने व्हिडिओ कॉलवर पाहिली. "छान आहे काका," म्हणाली, आणि जेवलात का विचारलं.

बकुळीची फुलं ही रोज वेचायची. मी ते काम उन्हाळ्यापासून उचललं होतं, वाकायला कुरकुरत. ओवता येत नाहीत म्हणून तिच्या बटणांच्या डबीत भरत गेलो. ती नेहमी म्हणायची, "तुमचं फूल सुकलं तरी त्याचा वास जात नाही. माझं एका संध्याकाळचं."

लग्नाच्या दिवशी ओटी भरायला पुरुषमाणूस चालत नाही. भावाच्या बायकोने भरली. नारळ झाला, तांदूळ झाले, सुपारी झाली. मग तिचा हात थांबला आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिशातून डबी काढून दिली. तिने ती लेकीच्या पदरात उपडी केली.

मुलीने वास घेतला. डोळे भरले तरी थट्टा सोडेना, आईवर गेली आहे. "बाबा, हे लावू कुठे?"

"हे लागत नाही," मी म्हणालो. "नुसतं ठेवायचं."

तिने पदराला गाठ मारली. भाऊ गाडी आली का बघायला बाहेर गेला, गाडी दारातच उभी असताना.

पाहुणे पांगल्यावर घरी आलो आणि सवयीने मागच्या दारी उघड्या मातीवर बादली ओतली. सगळं पाणी बकूळ प्यायली. तिला बोलणारं आता कुणी नव्हतं.